जबड्यातून आलेली ओ

"आऽऽत… कोणी आहे का… होऽऽऽ?"

माझ्या बाबांची ही हाक मी लहानपणी शेवटची ऐकली, तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते.

अजून कानात आहे ती. शेवटचं 'हो' उंच चढायचं, वर जाऊन घारीसारखं जरा वेळ तरंगायचं आणि मग सावकाश खाली उतरायचं.

मी सांगते आहे ते घडलेलं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, पण मला खोटी ठरवू नका. खोट्याचं ओझं आमच्या घरात आधीच पुष्कळ झालंय. त्यात आणखी भर घालायची माझी छाती नाही.

आणि एक. या गोष्टीत रात्र नाही.

भर दुपार आहे. सावल्या पायाखाली लपाव्यात असं ऊन. भीतीला अंधार लागतोच असं नाही, हे मला त्या दुपारी कळलं.

आमची वस्ती दगडखाणीला लागून. खाणीच्या कडेला उंच चौथरा, आणि चौथऱ्यावर जबडा.

कागदावर त्याचं नाव जॉ क्रशर. डोंगरातून सुटून आलेला दगड सगळ्यात आधी तोच फोडतो. डंपर येतो आणि कपाटाएवढे दगड त्याच्या तोंडात ओततो. आत दोन पोलादी भिंती. एक जागची हलत नाही, दुसरी पुढे-मागे होते. वरून कपाट जातं, खालून तांब्याएवढे तुकडे सरकत्या पट्ट्यावर पडतात.

पण कधी एखादा दगड आडवा बसतो. वरही येत नाही, खालीही जात नाही. आता तसला दगड फोडायला यंत्राचा लोखंडी हात आहे.

तेव्हा माणूस उतरायचा.

तो माणूस म्हणजे घणकाका. खांद्यावर घण, केसांत कायम धूळ, आणि हसले की धुळीच्या चेहऱ्यात पांढरेशुभ्र दात. आम्ही मुलं घणकाका म्हणायचो. मोठी माणसं तर नुसतं घणच म्हणत.

मोटारीची शेड खाली, पलीकडच्या अंगाला. तिथल्या माणसाला जबड्याचं तोंड दिसायचं नाही. त्याला दिसायचा फक्त वर कठड्याशी उभ्या असलेल्या बाबांचा हात. बाबा आधी जबड्यात वाकून हाक मारायचे. आतून ओ आली, तर थांबायचं. नाही आली, तर बाबा हात वर करायचे आणि खाली खटका ओढला जायचा.

बाबांचं काम एवढंच. हाक आणि हात.

म्हणून त्यांना सगळे 'हाक्या' म्हणत.

जेवणाच्या सुट्टीनंतरची हाक वस्तीभर ऐकू यायची. ती आली की बायकांची धावपळ. दोरीवरचे कपडे आत, खिडक्या बंद, पाण्यावर झाकणं. कारण हाकेमागून जबडा सुरू व्हायचा, आणि जबड्यामागून धूळ. आम्ही पोरी टाळ्या वाजवत गाणं म्हणायचो…

हाक आली, हाक आली,
पाणी झाका, धूळ आली…

आईचा हात तर त्या हाकेला जणू बांधलेलाच होता. इकडे हाक, तिकडे हंड्यावर झाकण. मान वर करून बघायचीसुद्धा नाही.

बाबा आणि घणकाका जिवाभावाचे दोस्त. एकाच्या डब्यात दुसऱ्याचा हात. पण एकदा पाण्याच्या टाकीपाशी सगळे हातपाय धूत होते, आणि घणकाकांना लहर आली. ते उलट्या घमेल्यावर चढले. कोंबड्यासारखी मान ताणली. कानाशी हात नेला.

"आऽऽत… कोणी आहे का… होऽऽऽ?"

शेवटी आवाज असा काही फाडला की हसून हसून माणसं टाकीला टेकली. मीसुद्धा हसले.

बाबा हसले नाहीत.

"माझ्या हाकेवर माणसं जिवंत राहतात, आणि तू तिचा तमाशा करतोस?"

"अरे हाक्या, गंमत केली रे! एवढं काय मनावर घेतोस?"

"घेतलं मनावर. यापुढे माझ्याशी बोलू नकोस."

झालं. अबोला सुरू. शेजारी शेजारी बसून एकमेकांशी तिसऱ्यामार्फत बोलायचं. 'त्याला सांगा, ती पहार इकडे दे म्हणावं.' आई कपाळावर हात मारायची. "मिशा आल्या दोघांना, आणि कट्टी धरून बसलेत! शाळेत घाला दोघांना."

त्या अबोल्यातच ती दुपार आली.

मी घरात होते. जेवणाची सुट्टी संपत आलेली. मग जबडा सुरू झाल्याचा धडधडाट आला…

आणि लगेच थांबला.

जबडा असा कधी थांबत नसे.

मग माणसांचा ओरडा.

पुढचं मी सांगणार नाही. जे आणलं, ते झाकून आणलं.

चौकशीला एक साहेब आले. शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. एकेकाला विचारलं, हाक दिली होती का?

शेडवाला म्हणाला, "दिली होती साहेब. रोजच्यासारखी."

डंपरवाले म्हणाले, दिली होती. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, आम्ही कपडे काढले ना दोरीवरचे. माझी आई पुढे होऊन म्हणाली, "मी स्वतः हंड्यावर झाकण ठेवलं. हाकेशिवाय ठेवीन का?"

घणकाकांची बायको, आमची काकू, भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे ठक्क. तिलाही विचारलं.

"आली होती हाक," ती म्हणाली. "मी ऐकली."

बाबांना सगळ्यांत शेवटी विचारलं. बाबांनी खाली बघून मान हलवली.

मग हाक दिली हे ठरलं. आतून ओ आली नाही हेही ठरलं. का आली नाही, ते लोकांनी आपापल्या मनानं भरून काढलं. घणकाका कधीमधी घ्यायचे, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढं पुरलं. प्यायला असेल. आतल्या गारव्यात झोपला असेल. बिचाऱ्या हाक्याच्या जिवाला उगीच घोर.

काकूनं भिंतीवरचा फोटो उतरवला. पिऊन मेलेल्या माणसाचा फोटो कशाला, म्हणाली. तिचा मुलगा मोठा झाला तसा लांब निघून गेला. बापाचं नाव सांगताना त्याची मान खाली जायची. काकू मात्र तिथंच राहिली. नळावर, धान्य निवडताना, कपडे वाळत घालताना, मधूनच हात थांबायचा तिचा. कुणी विचारलेलं नसताना म्हणायची…

"एक ओ द्यायला काय झालं होतं त्याला?"

एखाद्या गाण्याचं धृपद असावं, तसं. पुन्हा पुन्हा तेच.

"एक ओ द्यायला काय झालं होतं?"

त्या दिवसापासून बाबांनी हाक मारणं सोडलं.

खाणीत त्यांनी धुळीवर पाणी मारायचं काम मागून घेतलं. तिथं सोडलं ते समजण्यासारखं होतं. पण त्यांनी घरातही सोडलं. आईला नाही, मला नाही. हवं असेल तर उठून येत आणि खांद्याला हात लावत. संध्याकाळी मैदानावर बाकीच्यांचे बाप कट्ट्यावरून ओरडायचे. माझे बाबा मैदान तुडवत यायचे आणि माझी बाही ओढायचे.

एकदा एका मैत्रिणीनं विचारलं, "तुझे बाबा मुके आहेत का गं?"

मी म्हणाले, "हो."

मागून कुणीतरी बाही ओढली.

बाबाच होते. "जेवायला चल," एवढंच म्हणाले. वाटेत माझी बाही त्यांनी सोडली नाही. माझी मान वर झाली नाही.

आम्हाला वाटायचं, दोस्ताच्या दुःखानं असं झालं. कुणी त्यांना काही विचारलं नाही. उलट सगळे हळहळायचे.

मी मोठी झाले आणि त्याच खाणीत कामाला लागले. जबड्याच्या केबिनमध्ये. तोच जबडा. पोलादी दात बदलले, मोटार बदलली, सांगाडा तोच. आता शेड नाही, काचेची केबिन आहे. पडद्यावर जबड्याचं तोंड दिसतं. हाकेऐवजी सायरन आहे. आणि एक चावी. जो आत उतरेल त्यानं चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवायची. चावी जागेवर नसेल, तर यंत्र सुरूच होत नाही.

म्हणजे चावी पॅनलवर असेल, तर आत कोणी नाही.

हे लक्षात ठेवा.

उन्हाळ्याचे दिवस. जेवणाची सुट्टी संपली. सगळी खाण निपचित. एकही डंपर नाही, एकही पट्टा नाही. अशी शांतता की काचेवर धूळ टेकलेली ऐकू यावी.

चावी समोर होती. पडद्यावर जबडा रिकामा. मी सायरनच्या बटणाकडे हात नेला…

"ओ…"

हात तिथंच थांबला.

आवाज बाईचा नव्हता. ओरडल्याचाही नव्हता. घरात कुणी आतल्या खोलीतून, काम करता करता, सवयीनं देतं ना… तशी ओ.

यंत्रांची दुरुस्ती बघणाऱ्या फिटरदादाला मी वॉकीटॉकीवर बोलावलं. "दादा, आत कुणी उतरलंय का?"

"चावी कुठंय?"

"माझ्यासमोर."

"मग कोण उतरणार? उंदीर?"

तरी तो चढला. वाकून बघितलं. बॅटरी मारली. केबिनकडे तोंड करून दोन्ही हात हलवले. कोणी नाही.

"ताई, डबा पुरत नाही का तुम्हाला? पोटातून आला असेल आवाज."

मीही हसले. सायरन दिला. जबडा सुरू झाला. दगड फुटले. संपलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ. तीच शांतता. सायरन अजून वाजायचा होता.

"ओ…"

या वेळी फिटरदादा केबिनच्या दाराशी होता. त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"ऐकलंस ना?" मी विचारलं.

त्यानं पाना उचलला. "ऐकलं असतं, तर मला इथं काम करता आलं नसतं. म्हणून नाही ऐकलं."

आम्ही दोघं वर गेलो. आत बघितलं. खाणीत धूळ सगळ्यावर बसते. पापण्यांवर, पाण्यावर, झोपलेल्या कुत्र्यावर. जबडा तासभर थांबला की त्याच्या तोंडात पिठासारखा थर पडतो.

तसा थर होता. सगळीकडे होता.

फक्त एका जागी नव्हता…

न हलणाऱ्या भिंतीच्या कडेला, माणूस पाठ टेकून गुडघे जवळ घेऊन बसेल एवढी जागा लख्ख होती. पोलाद चमकत होतं तिथं.

फिटरदादानं वरून मूठभर धूळ टाकली. ती आजूबाजूला पडली. तिथं पडली नाही.

उतरताना त्यानं माझ्या आधी शिडी धरली, एवढंच.

मग रोजच सुरू झालं. फक्त जेवणाच्या सुट्टीनंतर. नेहमी सायरनच्या आधी. मी रोज थांबायची, माणूस वर पाठवायची, डंपरांची रांग लागायची. शेवटी मोठे साहेब केबिनमध्ये आले.

"बाई, तुमच्या कानांसाठी खाण बंद ठेवू का? चावी समोर आहे, पडदा समोर आहे. जमत नसेल तर सांगा. दुसरा माणूस बसवतो."

ते गेल्यावर फिटरदादा दारात रेंगाळला. नेहमीची थट्टा नव्हती तोंडावर.

"ताई, दुसरा माणूस बसला, तर तो ही ओ रोज ऐकेल. मग त्याला सवय होईल. आणि एखाद्या दिवशी मी आत असेन, चावी विसरलेलो असेन, आणि खरंच ओ देईन… तो म्हणेल, ही तर रोजचीच."

मला रात्रभर त्याचंच वाक्य ऐकू येत राहिलं.

तरीही मी काय केलं, ते सांगते.

दुसऱ्या दिवशी ओ आली. स्पष्ट आली. साहेब खाली उभे राहून घड्याळ बघत होते. मी सायरन दिला. वाट बघितली.

आणि बटण दाबलं.

चाक फिरायला लागलं. डंपरनं दगड ओतले. पडद्यावर दिसत होतं, भिंत पुढे येतेय, दगड फुटतायत…

पण आवाज नव्हता.

काहीच आवाज नव्हता. एवढं मोठं पोलाद दगड चावत होतं, आणि कापूस चावल्यासारखं सगळं मुकं. मी कानांवर हात मारले. खाली साहेबांनी वर बघितलं. त्यांनाही ऐकू येत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

मग एकदम धाडकन सगळा आवाज परत आला.

साहेब निघून गेले. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

मी मात्र खुर्चीत घामानं भिजून बसले. भीतीपेक्षा लाज वाटत होती. ओ ऐकूनही मी बटण दाबलं होतं. आत कोणी नाही, हे मला माहीत होतं…

पण ओ देणाऱ्याला ते माहीत होतं का?

दुसऱ्या दिवशी साप्ताहिक सुट्टी. खाण बंद. दुपारचं जेवण झालं. बाबा ओट्यावर छत्रीची मोडलेली काडी बसवत होते. आता म्हातारे झालेत, हात कापतो. मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. बटण दाबलं, तेही.

बाबांनी मान वर केली नाही.

"कधी येते?"

"जेवणाची सुट्टी संपली की."

"हाकेच्या आधी, की नंतर?"

"आता हाक कुठे असते बाबा? सायरन असतो."

"आधी, की नंतर?"

"आधी."

छत्री त्यांच्या मांडीवरून घरंगळली.

आतून आई म्हणाली, "काहीतरीच! आधी हाक, मग ओ. हाकेआधी ओ कशी येईल?"

"येते," बाबा म्हणाले.

एवढा एकच शब्द. पण तो ऐकून मला ओट्यावर गार वाटलं.

तेवढ्यात आई उठली. चालता चालता हंड्यावर झाकण ठेवलं आणि पुन्हा धान्य निवडायला बसली.

मी म्हणाले, "आई, झाकलंस कशाला? आज खाण बंद आहे."

"अगं, हाक आली ना आत्ता."

"कोणाची हाक?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हंड्याकडे. मग स्वतःच्या हाताकडे. जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता.

किती वर्षं झाली हाक बंद होऊन. तिला ती रोज ऐकू येत होती. आणि तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनंही सांगितलं नव्हतं.

मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा खडीच्या रंगाचा झाला होता.

"चल," म्हणाले.

खाणीच्या फाटकाशी राखणदार खाटेवर पडला होता. "काय हाक्या, सुट्टीच्या दिवशी? पेन्शन वाढवून मागायला आलास का?" बाबा थांबले नाहीत. राखणदाराचं हसू अर्ध्यात विरलं.

शिडी चढताना मी त्यांना मागून धरलं. वर ऊन रणरणत होतं. पोलाद तव्यासारखं तापलेलं. बाबा जुन्या जागी, कठड्याशी जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांनी पाय आपोआप तिथंच पडले.

खाली जबड्यात धुळीचा थर. आणि ती लख्ख जागा.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं. नुसता वारा बाहेर आला. पुन्हा उघडलं. घशात काहीतरी आडवं बसलं होतं. वरही येत नव्हतं, खालीही जात नव्हतं.

मी त्यांची बाही धरली.

"आऽऽत… कोणी आहे का… होऽऽऽ?"

फाटका, म्हातारा आवाज. पण शेवटचं 'हो' तसंच वर चढलं. तसंच तरंगलं. पलीकडच्या कड्यावर आपटून परत आलं.

आम्ही ऐकत राहिलो.

ओ आली नाही.

खाणीत एक पानही हललं नाही. बाबा वाट बघत होते. माझ्या जन्मात मी कुणाला एवढी वाट बघताना पाहिलं नाही.

"मला नाही देणार," शेवटी ते म्हणाले. "एकदा दिली होती. पुन्हा कशाला देईल?"

"म्हणजे काय बाबा?"

ते शिडी उतरायला लागले होते.

काकूचं घर वस्तीच्या टोकाला. दार बंद. बाबा पायरीखाली उभे राहिले. ज्या माणसानं पोटच्या पोरीला इतकी वर्षं हाक मारली नाही, त्यानं त्या दारासमोर मान वर केली.

"वहिनीऽऽ…"

घरातून उत्तर आलं.

"ओ…"

तीच. आतल्या खोलीतून, काम करता करता, सवयीनं दिलेली. पुरुषाच्या आवाजातली.

माझी नजर दारावर गेली.

दाराची कडी बाहेरून लावलेली होती…

मागे बादली ठेवल्याचा आवाज झाला. मी दचकून वळले. नळावरून आलेली काकू आमच्या पाठीशी उभी होती. ओली बोटं पदराला पुसायची विसरली होती. तिचे डोळे कडीवर.

"घरात कोण आहे?" तिनं हळूच विचारलं. "आत्ता कोण बोललं?"

तिनं ओठांवर हात ठेवला. तो आवाज तिला ओळखू आला होता. ज्याच्याबरोबर संसार केला, त्याची ओ बाई विसरत नाही.

"देतो की," ती कुजबुजली. "आता देतो. मग तेव्हाच एक ओ द्यायला काय झालं होतं त्याला?"

बाबा पायरीवर बसले. बसले म्हणजे कोसळलेच.

मी त्यांना उठवायला वाकले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. मला वाटतं, उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतंच.

"वहिनी, त्या दिवशी मी हाक मारली नव्हती."

"मी ऐकली होती भावजी."

"सगळ्यांनी ऐकली. रोजची सवय. साहेब विचारत गेले, तुम्ही सांगत गेलात, आणि मला वाटलं, सगळेच म्हणतायत तर… मी मान हलवली. पण हाक मारली नव्हती. अबोला होता ना आमचा. म्हटलं, माझ्या हाकेची चेष्टा करतो, तर आज राहू दे बिनहाकेचा. जेवून बाहेरच कुठं तरी बसला असेल, म्हटलं. मी वाकून आत बघितलंसुद्धा नाही."

काकू हलली नाही. बादलीतलं पाणी हलत होतं, तेवढंच.

"आत गारव्याला बसल्या बसल्या त्याला वेळ कळली असणार. आता हाक येणार, एवढं त्याला ठाऊक. रोजच्यासारखं."

बाबांचा हात नकळत वर उठला होता. जुन्या काळी खटक्यासाठी उठायचा तसा. त्यांनी दुसऱ्या हातानं तो खाली ओढला आणि मांडीवर दाबून धरला.

"तो प्यायला नव्हता वहिनी. झोपला नव्हता. त्यानं ओ दिली होती. मी हाक न मारताच दिली होती. मला वाटलं, खिजवतोय मला, कुठून तरी लपून. मनात म्हटलं, बोलला ना शेवटी आधी तूच… आणि त्या आनंदात मी हात वर केला."

काकू त्यांच्यासमोर खाली बसली. तिनं फक्त एकच विचारलं.

"भावजी… नीट आठवून सांगा. ओ दिली होती त्यानं?"

"दिली होती," बाबा म्हणाले. "मला ऐकू आली होती."